गोरा साहेब एकटा राज्य करत नव्हता

पारतंत्र्याच्या काळावरचा चित्रपट आला की आपल्याकडे दोन गोष्टींवरून वाद रंगतो. नायकाचं चित्रण त्याच्या मोठेपणाला साजेसं आहे का, हा एक. आणि तारखा, पोशाख, दागिने बरोबर आहेत का, हा दुसरा. दोन्ही प्रश्न योग्य आहेत. पण सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न त्यात राहूनच जातो: इंग्रजांचं राज्य चालत कसं होतं, हे या चित्रपटातून कळतं का?

बहुतेक वेळा कळत नाही. एक क्रूर गोरा अधिकारी असतो, त्याच्या हातात छडी असते, तो मोडकं हिंदी बोलतो, गावावर अत्याचार करतो आणि शेवटच्या वीस मिनिटांत मारला जातो. प्रेक्षक टाळ्या वाजवून घरी जातो आणि त्याची समजूत पक्की होते की एवढे दोनचार राक्षस नसते तर देश कधीच पारतंत्र्यात गेला नसता. 1931 च्या जनगणनेत हिंदुस्थानची लोकसंख्या 35 कोटींच्या घरात होती आणि युरोपियन दोन लाखांच्याही आत. त्यातले कित्येक तर सैनिक, व्यापारी, मिशनरी आणि त्यांची बायकामुलं. एवढ्या मूठभरांनी हा देश नुसत्या छडीच्या जोरावर ताब्यात ठेवला नाही. सारा वसूल करणारा तलाठी, पंचनामा लिहिणारा फौजदार, खबर पोचवणारा पाटील, बंदूक उचलणारा शिपाई, निकालपत्राची नक्कल करणारा कारकून, अशा लाखो देशी हातांनी ते राज्य चालत होतं. आणि ते हात थांबतील या भीतीनेच शेवटी ते गेलं. ही गोष्ट ज्या चित्रपटात नाही, त्यातल्या तारखा कितीही अचूक असोत, तो इतिहासाशी प्रामाणिक नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

जालियनवाला बागेचं उदाहरण घ्या. 13 एप्रिल 1919 रोजी जनरल डायरने बागेत नेलेले सैनिक 90 होते. त्यातल्या 50 जणांकडे रायफली होत्या, उरलेल्या 40 गुरख्यांकडे फक्त खुकऱ्या. गोळ्या झाडणारे सगळे देशी पलटणींचे जवान होते. सुमारे दहा मिनिटांत 1,650 फैरी झडल्या. सरकारी आकडा 379 मृतांचा. लोकांनी मोजलेला त्याहून कितीतरी मोठा. आता 1,650 ला 50 ने भागा. दर रायफलीमागे 33 गोळ्या येतात. ली-एनफिल्डच्या मॅगझिनमध्ये दहा गोळ्या मावतात आणि त्या पाच-पाचच्या क्लिपने भरतात. म्हणजे सरासरीने प्रत्येक जवानाने निदान तीन वेळा थांबून, कमरेच्या पाऊचमधून क्लिपा काढून, अंगठ्याने गोळ्या आत दाबून, बोल्ट ओढून पुन्हा नेम धरला. घाबरून झालेला गोळीबार असा नसतो. पडद्यावर हा प्रसंग दाखवताना कॅमेरा डायरच्या चेहऱ्यावर किंवा पळणाऱ्या लोकांवर राहतो. तो एकदा त्या अंगठ्यावर यायला हवा. साम्राज्य कशाला म्हणतात ते पाच सेकंदांत समजेल: समोर आपली माणसं, बंदुकीमागेही आपलीच माणसं, आणि हुकूम तिसऱ्याचा.

सत्तावन्नच्या उठावावरच्या चित्रपटांत याच्या उलट चूक होते. तिथे शस्त्राकडे लक्ष असतं, पण शस्त्र चालतं कसं याकडे नसतं. 1853 सालच्या बनावटीची एनफिल्ड ही तोंडाकडून भरायची रायफल. कागदी काडतूस घ्यायचं, त्याचं टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची, गोळी आत सोडायची, गजाने ठासायची, गज परत जागेवर ठेवायचा, घोडा मागे ओढून खालच्या बोंडीवर बार पेटवणारी तांब्याची छोटी टोपी बसवायची आणि मग नेम. कसलेल्या शिपायाच्या मिनिटाला दोनतीन फैरी होत. दर फैरीनंतर पांढऱ्या धुराचा लोट, इतका की चारपाच फैरींनंतर समोरचं दिसेनासं होतं. आपल्या पडद्यावर शिपाई एकामागून एक गोळ्या झाडतात, धूर नावाला असतो, आणि गर्दीच्या दृश्यात मागच्या रांगेत हमखास कुणाच्या तरी हातात पुढच्या शतकातली बोल्टची रायफल दिसते. कारण साधं असतं. भाड्याच्या प्रॉप्समध्ये तोंडाकडून भरायच्या बंदुका पन्नासभर मिळतात आणि ज्युनिअर आर्टिस्ट असतात तीनशे. ती रायफल मागे लपवता येईल, तिथे कुणी अडून बसू नये. पण दातांनी काडतूस फाडण्याची क्रिया जर दाखवलीच नाही, तर चरबीवरून एवढा वणवा का पेटला हे प्रेक्षकाला संवादातून सांगावं लागतं. ती क्रिया दिवसातून कितीदा करावी लागे, कवायतीत सगळ्यांच्या देखत करावी लागे, हे डोळ्यांनी दिसलं तर संवादाची गरजच उरत नाही.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीला हे जमत नाही असं म्हणावं, तर तिचा स्वतःचा इतिहास आड येतो. 1918 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानंतर 1920 मध्ये मुंबईत सेन्सॉर बोर्ड आलं आणि त्याच्या प्रमुखपदी शहराचा पोलीस कमिशनर बसला. परवानगी पोलिसांच्या हाती असताना कोहिनूर कंपनीने 1921 मध्ये ‘भक्त विदुर’ काढला. विदुराच्या अंगावर खादी आणि डोक्यावर गांधी टोपी होती. मद्रास आणि कराचीत त्यावर बंदी आली. ‘प्रभात’च्या शिवकालीन चित्रपटाचं ‘स्वराज्याचे तोरण’ हे नाव सेन्सॉरला खटकलं, म्हणून तो ‘उदयकाल’ या नावाने लागला. त्या लोकांना तुरुंगाची भीती होती, पैसा बुडण्याची भीती होती, तरी आडून का होईना, त्यांनी आपल्या काळाच्या सत्तेला हात घातला. आज इंग्रजांविरुद्ध काहीही दाखवलं तरी कुणी अडवत नाही. त्यात धोका उरलेला नाही, म्हणून त्यात धाडसही उरलेलं नाही. आजचं धाडस आपल्याच माणसांच्या आणि आपल्याच नेत्यांच्या गुंतागुंतीत शिरण्यात आहे.

याच कारणाने 1946 च्या नौसैनिकांच्या उठावाला या शहराच्या चित्रपटांत त्याच्या मोलाची जागा मिळालेली नाही. एवढं नाट्य, तेही आपल्या दारात घडलेलं, आणि आपण दूरदूरच्या किल्ल्यांचे सेट गोरेगावात उभे करत बसलो.

घटना थोडक्यात अशी. कुलाब्याच्या ‘तलवार’ या नौदलाच्या सिग्नल शाळेत, म्हणजे बिनतारी संदेशवहनाचं शिक्षण देणाऱ्या तळावर, 18 फेब्रुवारी 1946 च्या सकाळी खलाशांनी निकृष्ट जेवण नाकारलं आणि कामही थांबवलं. आधीची खदखद होतीच. लष्करप्रमुखांच्या भेटीच्या आदल्या रात्री भिंतींवर ‘जय हिंद’ आणि ‘चले जाव’च्या घोषणा रंगवल्याबद्दल बलाईचंद दत्त याला पकडलं होतं. तळाचा कमांडर किंग याने खलाशांना घाणेरड्या शिव्या दिल्या होत्या आणि तक्रारीला दाद मिळाली नव्हती. पगार आणि वागणूक यांत गोऱ्या-काळ्याचा भेद होता. युद्ध संपलं होतं, युद्धासाठी भरती केलेल्यांना घरी पाठवणं सुरू होतं, आणि पुढे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आझाद हिंद सेनेच्या खटल्यांनी वातावरण तापलेलं होतं. दोन दिवसांत हा संप मुंबई बंदरातल्या जहाजांवर आणि मग कराची, कोचीन, विशाखापट्टण, कलकत्त्यापर्यंत गेला. एकूण 78 जहाजं, 20 किनारी तळ आणि सुमारे 20,000 खलाशी.

इतक्या वेगाने तो पसरला कसा, याचं उत्तर ‘तलवार’ या तळाच्या कामातच आहे. संप पुकारणारे खलाशी बिनतारीवाले होते. जहाजाजहाजांतल्या बिनतारी खोलीत त्यांचेच सोबती बसलेले, एकाच शाळेतून शिकलेले. साम्राज्याने हुकूम पोचवण्यासाठी जी यंत्रणा उभी केली, तिच्या किल्ल्या या पोरांच्या बोटांखाली होत्या. अधिकाऱ्याला संदेश पाठवायचा असला तरी तो खलाशाच्याच हातून जाणार. चांगल्या दिग्दर्शकाला याहून अधिक काय हवं? भाषण करणाऱ्या नायकाऐवजी अंधाऱ्या केबिनमध्ये मोर्सच्या किल्लीवर थरथरणारं मधलं बोट दाखवा, कानावरच्या हेडफोनमधून येणारा टिकटिकाट ऐकवा, आणि दुसऱ्या टोकाला, कराचीच्या जहाजावर, पेन्सिलीने तो उतरवून घेणारा मुलगा लिहिता लिहिता थांबतो ते दाखवा. वयं सतरा ते चोवीस. चाळिशीच्या नटांनी या भूमिका करू नयेत.

पुढचे दिवस तर पटकथा लिहून ठेवल्यासारखे आहेत. 19 तारखेला खलाशी ट्रकमधून फोर्टात फिरले. हातात काँग्रेस, मुस्लिम लीग आणि कम्युनिस्ट, तिन्हींचे झेंडे. संप समितीचा अध्यक्ष एम. एस. खान, उपाध्यक्ष मदन सिंग. 21 तारखेला फोर्टातल्या कॅसल बॅरॅक्स या नौदलाच्या तळाला लष्कराचा वेढा पडला आणि दोन्ही बाजूंनी गोळीबार झाला. व्हाइस अॅडमिरल गॉडफ्रे या नौदलप्रमुखाने रेडिओवरून धमकी दिली की नौदल नष्ट झालं तरी चालेल, पण सरकार सगळं बळ वापरेल. जहाजांवरच्या 4 इंची तोफांवर खलाशांचा ताबा होता. जहाजांवरचं अन्नपाणी संपत आलं, तेव्हा गेटवेच्या धक्क्यावर मुंबईकर फळं, पाव, शिजवलेलं अन्न, पाण्याची भांडी घेऊन जमले आणि बोटी येऊन ते घेऊन गेल्या. इराण्यांच्या हॉटेलांतूनही खाणं गेलं.

22 तारखेला शहर बंद झालं. कम्युनिस्ट पक्षाने हरताळाची हाक दिली होती आणि गिरणगाव रस्त्यावर उतरला. परळ, लालबाग, भायखळा, कामाठीपुरा, भेंडीबाजार, काळबादेवी, ठिकठिकाणी रस्ते अडवले गेले. लष्कराच्या गाड्या आणि चिलखती मोटारी फिरल्या, गोळीबार झाले. परळमध्ये कमल दोंदे या कार्यकर्तीचा गोळी लागून जीव गेला. सरकारी मोजणीतच मृतांचा आकडा दोनशेच्या वर आहे. यातले बहुसंख्य गिरणी कामगार आणि गरीब वस्त्यांतले लोक होते. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडून पोटासाठी आलेली मराठी माणसं, मदनपुऱ्यातले मुसलमान विणकर, तेलुगू कामगार. सहा महिन्यांनी देश दंग्यांत होरपळणार होता; त्या फेब्रुवारीत मात्र या रस्त्यांवर कुणी कुणाला धर्म विचारला नाही.

आणि इथेच पटकथालेखकाची लेखणी अडते. कारण या उठावाला शरण यायला सांगणारा गोरा साहेब नव्हता, वल्लभभाई पटेल होते. जिनांनीही मुसलमान खलाशांना संप मागे घ्यायला सांगितलं. 23 फेब्रुवारीच्या सकाळी जहाजांवर काळे बावटे चढले. कुणावर सूड उगवला जाणार नाही असा शब्द मिळाला होता. प्रत्यक्षात अटका झाल्या आणि शेकड्यांनी खलाशी बडतर्फ झाले. स्वातंत्र्यानंतरही त्यांना भारताच्या किंवा पाकिस्तानच्या नौदलात परत घेतलं गेलं नाही. अरुणा असफ अलींनी म्हटलं, घटनेच्या चर्चेत हिंदू-मुसलमानांची एकी साधण्यापेक्षा बॅरिकेडवर ती साधणं मला पसंत आहे. गांधीजींनी उत्तर दिलं की लढणारी माणसंही कायम बॅरिकेडवर राहत नाहीत, बॅरिकेडच्या पाठोपाठ घटनेचा मार्ग यावाच लागतो. पटेलांचं म्हणणं असं की सैन्याची शिस्त आज मोडली तर उद्या स्वतंत्र भारतालाही तेच सैन्य लागणार आहे.

या तिन्ही माणसांचं देशप्रेम वादातीत आहे आणि तिघांचे युक्तिवाद वजनदार आहेत. चित्रपटाला खलनायकच हवा असला तर या प्रसंगात पटेलांना खलनायक करायचा मोह होईल, नाहीतर कम्युनिस्टांना माथेफिरू करायचा. दोन्ही खोटं ठरेल. प्रसंग असा लिहिला पाहिजे की पटेल बोलत असताना प्रेक्षकाला ते पटावं, आणि पुढच्याच दृश्यात खान ती अट मान्य करून समितीला सांगायला उभा राहतो तेव्हा त्याच प्रेक्षकाचा जीव तुटावा. असा चित्रपट काढला तर एकही पक्ष खूश होणार नाही, आणि कुणाच्याही जयंतीला तो फुकट दाखवला जाणार नाही. निर्माते याला घाबरतात. त्यांची भीती खरी आहे. पण मग ‘प्रतिकाराचा इतिहास आम्ही सांगतो’ हा दावा त्यांनी करू नये.

आता प्रत्यक्ष कामाचं बोलू, कारण उत्तम हेतूचे चित्रपटही इथेच घसरतात. पहिली चूक झेंड्याची होते. 1946 मधल्या काँग्रेसच्या तिरंग्यावर चरखा होता. अशोकचक्राचा ध्वज संविधान सभेने 22 जुलै 1947 ला स्वीकारला. बाजारातून शंभर तिरंगे आणून जमावाच्या हाती दिले की सगळं दृश्य खोटं होतं. नौदलाच्या जहाजांवर तेव्हा गोरा ‘व्हाइट एन्साइन’ फडकत असे. खलाशांनी तो उतरवला हाच तर मुख्य क्षण, त्यामुळे तो झेंडा कापडापासून मापापर्यंत बरोबर लागतो. टोपीवरच्या पट्टीवर युद्धकाळात ‘एच.एम.आय.एस.’ एवढीच अक्षरं असत, जहाजाचं नाव नसे, ‘आय.एन.एस.’ हे 1950 नंतरचं. रस्त्यावर ट्राम हवी, कारण मुंबईतली ट्राम 31 मार्च 1964 पर्यंत धावत होती, आणि बंदच्या दिवशी रिकामी उभी असलेली ट्राम हे सगळ्यात बोलकं दृश्य ठरेल. बॅलार्ड इस्टेटचे रस्ते अजून बरेचसे तसे आहेत, रविवारी पहाटे तिथे काम होऊ शकतं. कॅसल बॅरॅक्सच्या जागी आज नौदलाचा ‘आंग्रे’ तळ आहे. तिथली परवानगी मिळायला वेळ लागतो, म्हणून अर्ज संहितेचा पहिला खर्डा तयार होताच द्यावा, शूटिंगच्या तारखा ठरल्यावर नव्हे.

भाषेकडे तर कुणी लक्षच देत नाही. जहाजावर पंजाबी, बंगाली, तमिळ, मल्याळी, कोकणी मुलं एकत्र होती. हुकूम इंग्रजीत, आपसातलं बोलणं तोडक्यामोडक्या हिंदुस्थानीत, आणि रागात प्रत्येकाची मातृभाषा. गिरणगावातला माणूस मालवणी किंवा घाटावरचं मराठी बोलणार. या सगळ्यांना एकसारखं गुळगुळीत हिंदी बोलायला लावलं की एकीचं मोल कळत नाही, कारण वेगळेपण दिसलेलंच नसतं. अशा चित्रपटात उपशीर्षकं लागतील. लागू देत.

जागांबाबत मात्र घाई आहे. गिरण्या बहुतेक पडल्या. बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. 160 चौरस फुटांची खोली, मधला लांब अंधारा पॅसेज, टोकाचे सामाईक नळ आणि संडास, यांची मापं आणि छायाचित्रं आत्ताच घेऊन ठेवली नाहीत तर पाच वर्षांनी कलादिग्दर्शक अंदाजाने सेट लावेल आणि पॅसेज दुप्पट रुंद करेल, कारण ट्रॉली फिरवायला तेच सोयीचं असतं. पण 22 फेब्रुवारीला एका खोलीत किती माणसं झोपत होती आणि जखमी माणसाला त्या अरुंद जिन्यावरून कसं आणलं असेल, हे रुंद पॅसेजात कळणार नाही.

कागदपत्रांची सबब चालणार नाही. महाराष्ट्राचे पुराभिलेख काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहेत. गृहखात्याच्या फायली अभ्यासकांना तिथे मागवता येतात. त्या काळची मराठी वृत्तपत्रं दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात पाहता येतात. संशोधनाला एक जाणकार माणूस आणि तीनचार महिने दिले तरी तो खर्च एका गाण्याच्या सेटपेक्षा कमी होतो. बहुतेक निर्मितींत संशोधक नेमतात तो संहिता पक्की झाल्यावर, वाद झाला तर ढाल म्हणून. तेव्हा त्याच्या हातात बदलण्यासारखं काही उरलेलं नसतं.

‘प्रेक्षकाला हे नको असतं’ हा नेहमीचा आक्षेप. इतिहासातल्या गुंतागुंतीवर बेतलेली नाटकं या शहरात, शिवाजी मंदिरच्या आणि साहित्य संघाच्या प्रेक्षकांनी वर्षानुवर्षं तिकिटं काढून पाहिली आहेत. त्याच प्रेक्षकाची मुलं-नातवंडं मल्टिप्लेक्सला येतात. दुसरा आक्षेप कलावंताच्या स्वातंत्र्याचा, आणि तो मला मान्य आहे. काल्पनिक पात्र घालावं, दोन दिवसांचे प्रसंग एका दिवसात आणावेत, प्रेमकथा घालावी. याला हरकत घेणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. हरकत आहे ती चित्रपटाच्या सुरुवातीला दोन सेकंद दिसणाऱ्या बारीक अक्षरांतल्या सूचनेला. ‘सत्य घटनांवर आधारित’ हे पोस्टरवर मोठं लिहायचं आणि ‘सर्व काल्पनिक’ हे कोपऱ्यात, यात प्रेक्षकाची फसवणूक आहे.

त्यावर उपाय सोपा आहे आणि त्याला नवा कायदा लागत नाही. सेन्सॉरकडे यातलं काहीही देऊ नये. इतिहास तपासायचा अधिकार सरकारी समितीला दिला की काय होतं ते 1920 च्या बोर्डाने दाखवून दिलं आहे. पण जिथे सार्वजनिक पैसा येतो, म्हणजे राज्य शासनाचं मराठी चित्रपटांना मिळणारं अनुदान किंवा करातली सवलत, तिथे अर्जासोबत एक दोन पानी निवेदन मागता येईल. कुठलं पात्र काल्पनिक, कुठले प्रसंग पुढेमागे केले, कुठले घडलेच नाहीत, आणि कुठली कागदपत्रं पाहिली, एवढंच त्यात असावं. शासनाने ते मंजूर किंवा नामंजूर करू नये, फक्त जसंच्या तसं प्रसिद्ध करावं. खरंखोटं वाचक, शिक्षक, अभ्यासक ठरवतील. ज्या निर्मात्याने मन लावून काम केलं आहे त्याच्याकडे ही दोन पानं आधीपासूनच तयार असतात, आणि ज्याच्याकडे ती नाहीत त्याला अनुदानासाठी का होईना, पुराभिलेखाचा जिना एकदा चढावा लागेल.